वरून आदेश आहे

मी, बेबीनंदा शिवाजी हिवराळे, वय एकोणसत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार चांदेवाडी, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला दम लागतो तो हृदयाच्या झडपेमुळे. मला कोणी धमकावलेलं नाही. समजावायला मात्र पुष्कळ जण येऊन गेले.

येत्या गुरुवारी संभाजीनगरला माझं ऑपरेशन आहे आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात चौकशीत माझी साक्ष. मधे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून मालमत्तेची व्यवस्था आणि साक्ष एकाच ठिकाणी लिहीत आहे. साक्षीआधी मी गेले तर कलम तीन आणि चार हीच माझी साक्ष धरावी.

१. चांदेवाडीचं राहतं घर माझ्या पगारातून बांधलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पाळी संपली की येऊन या भिंतींवर पाणी मारायचे. हे घर माझी मुलगी प्रिया हिला मिळावं. अट एकच. रस्त्याकडची खोली आणि ओटा शेजारचे फकरोद्दीन आणि त्यांच्या पत्नी अकबरबी यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. प्रियाला हे मान्य आहे. ती बदनापूरहून खास येऊन मला म्हणाली, "आई, हे तू लिहिलं नसतंस तरी मी त्यांना उठवलं नसतं." तरीही लिहिते. तोंडी बोलण्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

२. दागिने प्रियाला. बँकेतली ठेव फकरोद्दीनभाईंची नात फलक हिच्या शिक्षणासाठी, आणि माझे सगळे इंग्रजी शब्दकोशही तिलाच. त्यातल्या जाड कोशाचा कणा मोडलेला आहे. आधी बांधून घ्यावा. फलक, शब्दाचा पहिला अर्थ वाचून कोश मिटायचा नाही.

३. माझा मुलगा प्रेम याला स्थावर-जंगम काहीही देत नाही. विसरले म्हणून वगळलं, असं कोणी कोर्टात म्हणू नये. कारण देते.

प्रेम स्पर्धा परीक्षेला बसला तेव्हा इंग्रजी मीच घेत होते. मी भाकऱ्या थापायची आणि तो चुलीपाशी बसून उत्तरं द्यायचा. एकदा 'अधिकारी' या एका शब्दाला इंग्रजीत किती शब्द आहेत त्यावर आमची सगळी संध्याकाळ गेली. ऑफिसर म्हणजे रीतसर नेमणूक होऊन पदावर बसलेला माणूस. ऑफिशियल म्हणजे कार्यालयाच्या वतीने काम करणारा कोणीही, मग तो लहान असो की मोठा. फंक्शनरी म्हणजे नेमून दिलेलं काम उरकणारा; या शब्दात जरा तुच्छता आहे. ब्युरोक्रॅट हा शब्द लोक बहुधा चिडल्यावर वापरतात. आणि ऑथॉरिटी म्हणजे खुद्द अधिकार, किंवा कायद्याने तो ज्याच्याकडे सोपवला आहे ते पद.

प्रेम म्हणाला, "आई, आपण तर सगळ्यांनाच साहेब म्हणतो. काय फरक पडतो?"

मी म्हणाले, "परीक्षेत एका मार्काचा. नोकरीत जास्त पडेल."

तो पास झाला. गावाने गुलाल उधळला. फकरोद्दीनभाईंनी नवी गादी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. गादी-रजई भरण्याचं त्यांचं दुकान माझ्या घराला लागूनच होतं, दुकानामागे त्यांचं घर. माझी शाळा असायची तेव्हा प्रेम आणि प्रिया अकबरबीच्याच हातचं जेवायचे.

४. मागच्या नोव्हेंबरात चांदेवाडीच्या रस्त्यावरची अतिक्रमणं काढायचं ठरलं. कोणत्या कार्यालयाने ठरवलं ते चौकशीच्या कागदांत आहे, इथे लिहीत नाही. आमच्या तालुक्याचा अधिकारी रजेवर होता, म्हणून दुसऱ्या तालुक्यात नेमणूक असलेल्या प्रेमकडे इथला तात्पुरता कार्यभार आला. फकरोद्दीनभाईंचं दुकान यादीत होतं. त्यांनी अपील केलेलं होतं आणि नेमकी पाडापाडीच्याच दिवशी जालन्याला सुनावणी होती. त्यांचा मुलगा अबुबकर तिकडे गेला होता.

सकाळीच जेसीबी आला. मागे पोलिसांची गाडी, तिच्या मागे प्रेमची जीप. तो माझ्या घराकडे न बघता पुढे गेला. मी चहाचा कप ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. अकबरबी माझ्याजवळ येऊन बसली.

प्रेम आला. "आई, बाजूला हो. मी इथं अधिकारी म्हणून आलोय."

मी म्हणाले, "ऑफिसर आहेस, ते दिसतंय. ऑथॉरिटी कोणाची? अपिलाचा निकाल लागायच्या आत पाडा, असं कोणी सांगितलं?"

"वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कोण? पद सांग. सही दाखव."

"आई, सगळी माणसं बघायलीत."

"बघू दे. म्हणूनच विचारतेय."

तेवढ्यात अबुबकरचा फोन आला. फकरोद्दीनभाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "अब्बा, स्थगिती मिळाली! कागद हातात यायला टाइम लागल. त्यांला म्हणा, जरा थांबा फक्त."

प्रेमने हात पुढे केला. "कागद आहे का?"

फकरोद्दीनभाई म्हणाले, "बेटा, जालन्याहून निघालाच समज. इतक्या जल्दीत काय हाय?"

प्रेमने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने दोन महिला पोलिसांना खूण केली. त्यांनी मला आणि अकबरबीला दंडाला धरून उचललं आणि रस्त्याच्या पलीकडे नेलं. त्यातली एक माझीच विद्यार्थिनी होती. ती रडत होती, पण तिने हात सोडला नाही.

जेसीबी पुढे सरकला तसे फकरोद्दीनभाई कापूस पिंजायचं मशीन वाचवायला आत धावले. मी ओरडले. अकबरबी ओरडली. ड्रायव्हरने एकदा प्रेमकडे बघितलं. 'पुढे चल' म्हणून उचललेला हात प्रेमने खाली केला नाही. भिंत आत पडली आणि वरचे पत्रे तिच्यावर.

माणसांनी हातांनी विटा काढल्या. प्रेमही काढत होता, हे मी लपवणार नाही. फकरोद्दीनभाई वाचले, पण उजवा हात कोपरापासून गेला. ज्या हाताने ते टाके घालायचे तो. स्थगितीचा कागद घेऊन अबुबकर पोचला तेव्हा त्याचे वडील दवाखान्यात होते आणि रस्त्यावर कापूस उडत होता.

दुकानामागचं घरही राहण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून त्याच दिवशी मी त्यांचं सामान माझ्या पुढच्या खोलीत आणलं. अकबरबीने मला फक्त एवढंच विचारलं, "बाई, त्यानं ओळखलं न्हाई का आम्हाला?"

चौकशी लागली तेव्हा वरच्या सगळ्यांनी लिहून दिलं की आम्ही असा कोणताही आदेश दिला नाही.

५. माझे दीर भागवत यांना माझ्याकडून काहीही मिळू नये आणि त्यांनी माझ्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत नाव घालू नये. मुळात पत्रिका काढूच नये. ते तीनदा येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिथं न्हवत्याच असं सांगा. ड्रायव्हरनं आपल्या मनानं मशीन घातलं म्हणा. मंग मिटलं बराबर. आपल्या समाजातला एक पोरगा खुर्चीवर बसला, अन् आईनंच त्याला खाली ओढावं का?" भावोजी, त्या ड्रायव्हरलाही आई आहे. आणि आपली पोरं खुर्चीवर बसावीत म्हणून मी आयुष्यभर शिकवलं, ते खुर्चीखाली माणूस सापडावा म्हणून नव्हे.

६. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधे व्हावेत. प्रेम आला तर कोणीही त्याला अडवू नये.

पुरवणी. वरचा मजकूर काल पूर्ण झाला. आज दुपारी साक्षीदार म्हणून माझ्या जुन्या मुख्याध्यापिका उषाबाई आल्या. दुसरे साक्षीदार येणार होते, ते आले नाहीत. भागवतरावांनी त्यांची समजूत घातली असावी. आम्ही वाट बघत बसलो असताना प्रेम आला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. पुढच्या खोलीतून जाताना तो फकरोद्दीनभाईंपुढे थांबला. त्यांनी मान फिरवली.

मला म्हणाला, "साक्षीत काय सांगणार आहेस?"

मी हे कागद पुढे केले. त्याने उभ्यानेच सगळे वाचले.

"माझी नोकरी जाईल, आई."

"जाईल."

उषाबाई उठून जाऊ लागल्या, त्यांना त्याने थांबवलं. म्हणाला, "एक चुकलंय यात. वरच्यांनी खोटं लिहून दिलेलं नाही. मला कुणाचाच फोन आला नव्हता. साहेबांना काय आवडेल ते मीच ओळखलं आणि 'वरून' म्हणालो. तू पद विचारलंस तेव्हा सांगायला माझ्याकडे कुणीच नव्हतं."

मी विचारलं, "हे लिहू?"

"लिही."

लिहिलं आहे. हे चौकशी समितीपुढे स्वतः सांगशील का, असं मी त्याला विचारलेलं नाही. कलम तीन बदललेलं नाही. बदल, असं तोही म्हणाला नाही. काही मिळणार नसल्यामुळे दुसरा साक्षीदार व्हायला त्याला अडचण नव्हती. पेन त्याने स्वतःच मागून घेतलं.

मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

लिहून ठेवणार : बेबीनंदा शिवाजी हिवराळे (सही)

साक्षीदार १ : उषाबाई रंगनाथ मगरे, निवृत्त मुख्याध्यापिका, भोकरदन (सही)

साक्षीदार २ : प्रेम शिवाजी हिवराळे, चांदेवाडी (सही, हुद्दा लिहून खोडला आहे, खोडल्याजवळ त्याची आद्याक्षरं)

ठिकाण : चांदेवाडी
दिनांक : ९ मार्च २०२५