महेशचं डोकं

मुरुम, मंगळवार, दिवेलागण

आज हिचा दहावा झाला. अग्नी पुतण्यानं दिला होता, आज पिंडही त्यानंच ठेवले, मुंडणही त्यानंच केलं. आमचा एकुलता एक महेश तिकडं वाळवंटात, परक्या फौजेच्या तळावर मेसमध्ये भाकऱ्या नाही, पाव भाजतो. लढाईची हवा आहे म्हणून तळाचं फाटक बंद, सुट्टी नाही. कुणाची लढाई, आणि आई कुणाची गेली!

घाटावरून परतताना स्टँडवर पुतण्याचं डोकं बघून एक अनोळखी म्हातारा थांबला. "कोण गेलं रं बाबा?" म्हणाला. तेवढ्यानंही बरं वाटलं.

मघाशी महेशचा फोन आला. तळावरून व्हिडिओ लावायला बंदी, त्यामुळं नुसता आवाज.

"आबा, म्या बी आज केस काढले."

"कुणी काढले?" काय विचारलं मी हे! पण दुसरं काही सुचेचना.

"हितल्या न्हाव्यानं. तुमी जेवलाव का?"

त्याचं ते डोकं मला दिसलंच नाही. तुळजापूरला जावळ काढताना मामाच्या मांडीवर ठरेना, शेवटी हिनंच त्याला कुशीत धरलं. नंतर दिवसभर त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत बसली होती. आज कोण फिरवणार?

"कुणी विचारलं असंल की रं, कोण गेलं म्हणून?"



"न्हाय आबा. हितं समद्या फौजेचीच डोकी अशी असत्यात."