समोर काही नसलं तरी चालेल

१७ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

तू बरी असशील आणि भाऊजींची कंबर ताळ्यावर आली असेल, असं धरून चालते. इथे सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही. मी तुझ्यावर वैतागले आहे आणि फोनवर तू मला नीट वैतागूही देत नाहीस, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहायला बसले.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, आता स्पष्ट दिसतं की मघाशी? इतक्या वर्षांत एकानेही "बघू" असं उत्तर दिलेलं नाही. तू मात्र दीड महिना तेवढंच म्हणते आहेस.

आधी तळ्याकाठचं ठिकाण पाठवलं. लाकडी घर, खिडकी उघडली की खाली पाणी, मागच्या दारातून थेट डोंगराची वाट. तू म्हणालीस, "छान आहे. जेवायला सगळे एकत्रच बसतात का गं तिथे?" हो, वीस माणसांचं लांब टेबल आहे, ओळखी होतात. "बरं, बघू." मग ते जुनं दीपगृह. रखवालदाराच्या घराच्या आता राहायच्या खोल्या केल्यात, किनाऱ्याने बावीस किलोमीटर सायकलची वाट. फोटो बघून माझी लेक म्हणाली, "मावशीला नको असेल तर मी जाते." तुझा प्रश्न काय, तर "सायकली एकामागे एकच चालवायच्या ना?" अगं, मग काय शेजारी शेजारी चालवून समुद्रात पडायचं? नदीतल्या होड्यांवर तर तू कहर केलास. "एका होडीत एकच माणूस?"

तुझे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, हे गेल्या वर्षी कड्यावर मला मागे टाकून तूच दाखवलंस. म्हणून मी म्हटलं, नखरे आहेत. आणि काल तुझं पत्र आलं. पत्र कसलं, शिवणाच्या मापांच्या वहीतलं फाडलेलं पान. "एक खोली. दोन खुर्च्या. समोर काही नसलं तरी चालेल. तसं जमणार नसेल तर यंदा मला धरू नकोस, पुढेही नको."

समोर काही नसलं तरी चालेल म्हणे. मग माणसाने घर सोडायचं कशाला? दहा वर्षं मी नकाशे उलगडते, चढ किती, पाणी गरम येतं का, अंथरुणं कोरडी असतात का, सगळं खोदून खोदून विचारते, आणि तुला हव्यात खुर्च्या. थांब, दहाही सहली मोजूनच दाखवते तुला.

पहिली, सुळक्याची. अर्ध्या चढावर तू म्हणालीस, "त्या दिवशी ना..." मी म्हटलं, "श्वास जपून ठेव, वर गेल्यावर बोल." वर गेल्यावर मी फोटो काढत बसले. दुसरी गुहांची, तिथे वाटाड्या बोलू देत नव्हता. तिसरी पक्ष्यांची, तिथे गप्प राहायची अटच होती. चौथ्या वर्षी ती बारा खाटांची झोपडी, आपल्या दोघींच्या मध्ये एक घोरणारी शिक्षिका. पाचव्या

बुधवार, सकाळ

काल इथेच थांबले. चष्म्याची काडी सैल झाली म्हणून एक बाई आल्या आणि त्यांना मी दोनदा चुकीचा स्क्रू लावला.

ताई, एवढी देखणी ठिकाणं मी तुझ्यासाठी शोधत नव्हते. आपण दोघी कुठे एकट्या बसणार नाही, ते शोधत होते.

त्या दिवशी तू निळी बॅग घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस. "मला काही दिवस इथे राहू दे. कोणाला सांगू नकोस," म्हणालीस. मी "चहा टाकते" म्हणाले आणि दूध संपलंय सांगून खाली गेले. दूध होतं. कोपऱ्यावरून मी भाऊजींना फोन केला. तासाभरात ते दारात उभे. तू बॅग उचललीस, एकदा माझ्याकडे बघितलंस आणि त्यांच्यामागून जिना उतरलीस. त्यांना कसं कळलं, हेच तू सगळ्या चढांवर विचारायला बघत होतीस ना? मी कळवलं.

लेक लहान होती, घर दोन खोल्यांचं, ह्यांची नोकरी नुकतीच गेली होती. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. तू कायमची राहशील, अशी मला भीती वाटली. पुढच्या वर्षी सहलीचं विचारलं तेव्हा तू लगेच हो म्हणालीस, आणि मला वाटलं, सुटले. तुझं त्या घरात पुढे कसं चाललं, ते मी आजवर विचारलं नाही. भाऊजींच्या कंबरेचं विचारते.

आज सकाळी जागा धरली. सपाट गाव, ना डोंगर ना पाणी, खिडकीसमोर गोदामाची भिंत. मालकीणबाईच ओशाळल्या. "इथे लोक गाडी चुकली तर एका रात्रीपुरते थांबतात हो. तुम्हाला पाच दिवस कशाला?" मी म्हटलं, पाच धरा, पुढचंही रिकामं ठेवता आलं तर बघा. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

खोली तुझ्या एकटीच्या नावावर घेतली आहे. मी यायचं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तरी खोली तुझीच.

या वेळी कोणालाही सांगितलेलं नाही.

धाकटी