ब्रेक सैल हाय, डोकं गेलेलं न्हाय

मी केराबाई, कैलासवासी ज्ञानबा बंडगर यांची बायको, धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणी, राहणार सोलापूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिवते. 'पूर्ण शुद्धीत' ह्यावरच मागं भांडण हुनार, म्हनून आदी त्याचंच.

माळ्यावरनं शेंगांचं पोतं काढताना शिडी हलली, मी पडले, कपाळ उंबऱ्यावर आपटलं. तवापासनं भाकरी करपली तरी वास येत न्हाय. डॉक्टर संस्कृतीताईंनी डोक्याचा फोटो दाखवला. "आजी, मागच्या मेंदूनं दिसतं, डाव्या बाजूनं बोलता येतं, मानेवरचा लहान मेंदू तोल सांभाळतो. तुमचं ते सगळं ठीक आहे. कपाळामागचा भाग दुखावलाय. तो ब्रेक. वासाच्या शिरा त्याच्याच खाली."

"म्हंजे गाडी पळती, पन थांबत न्हाय?"

"थांबते, उशिरा. कधी भलतंच बोलून जाल, कधी कुणी मागितलं की देऊन टाकाल."

ह्या दुसऱ्याचं मला लई भ्या वाटतं.

माझे दीर रावजी भावजी वारले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. सगळे हात जोडून उभे. मी म्हनले, "कावळा कशाला येतोय? भावजींनी जित्तेपणी कुणाला घास टाकला हुता का?" आणि हसले. एकटीच. त्यांचा पोरगा अभिमन्यू तितंच म्हनला, "काकीचं डोकं गेलंय. तिनं घराचा कागद केला तरी टिकायचा न्हाय."

चेष्टा मी जलमभर केली. पन असलं आदी दातामागं थांबायचं. त्या दिवशी थांबलं न्हाय. लपवत न्हाय मी.

तर, भाकरीच्या कमाईतनं घेतलेलं माझं दोन खोल्यांचं घर माझ्या मागं माझी सून सुकन्या हिला. माझा पोरगा जोतिराम गेल्यावर माहेरची न्यायला आली हुती, ही गेली न्हाय. आता वास तीच घेती. "आत्या, तवा!" म्हनून वरडती. तवा, काटवट, उखळ-मुसळ तिलाच.

अभिमन्यूला शिडी. ती हलती, हे आदीच सांगून ठिवते.

परवा तो पेढे घेऊन आलता. "काकी, हितं एक सही दे की." घर त्याच्या नावावर करायचा कागद हुता. जिचं डोकं गेलंय म्हनतो, तिचीच सही मागतो! तरी मी हसत हसत पेन घेतला. सुकन्यानं उलथनं आपटलं, तवा थांबले. म्हनून ह्या कागदानंतर मी घर कुणाला लिवून दिलं, तर आदी डॉक्टरांकडनं माझं डोकं तपासून घ्या.

साक्षीला चन्नप्पांना मुद्दाम बोलावलंय. शेजारी. त्यांच्या डोक्यावर केस हुते तवापासनं मी त्यांची चेष्टा करते. मी पडायच्या आदी कशी हुते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठावं? आत्ता समोर बसलेत. टकलावर माशी हाय. जिभेवर आलंय. दाबून धरलंय.

लिवलं ते वाचलं, समजलं, सही केली.

केराबाई ज्ञानबा बंडगर
सोलापूर, १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:

१. चन्नप्पा हत्तुरे. बाईंनी आमच्यासमोर सही केली. बाई आदीपासनं अशाच. आज मात्र ओठ दाबून बसल्या. मलाच चुकल्यावानी वाटलं.

२. डॉ. संस्कृती माने. तपासले, शुद्धीत आहेत. माशीबद्दल बोलल्या, पण सही पूर्ण झाल्यावर. तोवर थांबल्या, हे मी स्वतः पाहिले.