कडेला लिहिलेलं

दि. १४ मार्च, शनिवार

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघंही बरी असाल. मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. आईच्या खोलीची खिडकी अखेर दुरुस्त केली, आता ओढली की लागते. तू आठ महिने माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकीट तरी फोडशील.

माझं काम तुला कधी धड सांगितलंच नाही. तू विचारायचास, "ताई, तू नक्की करतेस तरी काय?" आणि मी म्हणायचे, "माणसं मोजते." आमच्या केंद्रात भावना मोजायची एक प्रश्नावली आहे. आनंदी, निवांत, घाबरलेला, एकाकी असे वीस शब्द. गेल्या आठवड्यात यातलं काय किती वाटलं, त्याला एक ते पाच गुण द्यायचे. या कागदाला भावना खरंच मोजता येतात, की माणूस नुसत्या खुणा करून मोकळा होतो, हे मी तपासते. म्हणून प्रत्येकाकडून दोन आठवड्यांनी तो पुन्हा भरून घ्यायचा. एक निवृत्त पोस्टमन सगळीकडे तीनच देतात. म्हणे, मधोमध राहिलं की कोणी बोलत नाही. एका बाईंनी विचारलं, "निवांत म्हणजे नवरा गावाला गेल्यावर वाटतं ते का हो?" हसून हसून पुरेवाट झाली.

माणसं कमी पडली तेव्हा मी आईला बसवलं. पहिल्या वेळी मी शेजारीच होते. प्रत्येक खुणेआधी ती माझ्या तोंडाकडे बघायची. आनंदी पाच, घाबरलेली एक, एकाकी एक. वर विचारते कशी, "बरोबर आलं का गं?" मी म्हटलं, "आई, यात बरोबर-चूक नसतं." पण मनातून सुखावले. दहा वर्षं तिचं सगळं केलं, त्याचं चीज झालं असं वाटलं.

दुसरा फॉर्म तिने एकटीने भरला, पाकीट चिकटवून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला. तिला वाटलं असणार, ते ऑफिसातलं दुसरं कोणी उघडेल. मीच उघडलं. आनंदी पाच, आणि कडेला तिच्या शाळामास्तरणी वळणाच्या अक्षरात: "धाकटा येतो म्हणालाय." त्याखाली घाबरलेली, तिथेही पाच. कडेला: "तोवर राहीन ना?"

आमचा नियम होता की आनंदही पाच आणि भीतीही पाच असली, किंवा कडेला काही खरडलेलं असलं, की माणसाने लक्ष न देता भरलंय असं समजून तो फॉर्म बाद करायचा. मी लाल रेघ मारली आणि तो बादच्या खोक्यात टाकला. पान उलटूनसुद्धा बघितलं नाही.

नियमाचं निमित्त होतं रे. मला राग आला होता. औषधं मी द्यायची, पाठ मी चोळायची, आणि पाचावर खूण तुझ्या एका फोनसाठी! जळले मी. ठोंब्या, पन्नाशी उलटलेली बाई धाकट्या भावावर जळली.

तो गुरुवार. रविवारी तू मला विचारलंस, "ताई, खरं सांग, लगेच येऊ की महिनाअखेरीला?" मी म्हटलं, "मजेत आहे ती. मोजून सांगते. महिनाअखेरीलाच ये." आई त्यानंतर बारा दिवस होती. तू पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात उभा राहून तू एवढंच म्हणालास, "तू मजेत आहे म्हणाली होतीस." मी म्हटलं, अंदाज चुकला. तो अंदाज नव्हता. मला माहीत होतं.

काल बादची खोकी रद्दीत जायची होती. मी तो फॉर्म शोधून काढला आणि पहिल्यांदा पान उलटलं. मागच्या बाजूला शेवटचा शब्द एकाकी. तिथे पाच, आणि कडेला बारीक अक्षरात: "मुलगी फार करते माझं. तिला हे सांगू नका, जिवाला लावून घेईल."

टेबलाशीच रडले. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या प्रमुख मॅडमनी पाणी आणून दिलं. मग मी त्यांना तो नियम काढून टाकायला सांगितला. एकाच आठवड्यात माणसाला दोन्ही पाच-पाच वाटू शकतं, एवढं मला आईने शिकवलं, पण फार उशिरा.

फॉर्म सोबत पाठवते आहे. मूळचाच आहे, प्रत काढलेली नाही. लाल रेघ माझी. पुढची बाजू तुझी आहे. मागची एक ओळ माझी, पण ती वेगळी काढता येत नाही, म्हणून सगळाच तू ठेव.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण शेजारी कोणी बसलेलं नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. बघते आहे.

तुझी, अजून असले तर,
ताई