मक्यावरची अळी

आडगाव, नाशिक
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय संध्या,

खुशाल असशील, असं लिहिणार होते. पण कोणत्या तोंडाने लिहू? तुमच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून जीपवाल्या मंगळूदादाच्या हाती ही चिठ्ठी देतेय. इथे आण्णांचा मका काढायला आलाय, आई गुडघे धरून बसलीये. लॅबमध्ये तुझ्या जागी अजून कोणी घेतलं नाही. काचेच्या बाटल्या मीच धुते. तुझ्यासारख्या लख्ख होत नाहीत बाई.

आठवतं, तू विचारलं होतंस, "ताई, या बाटल्यांत काय पाळलंय?" मी सांगितलं, लष्करी अळीच्या पेशी. अळीला मारणारा एक विषाणू असतो, माणसाला तो काही करत नाही. त्याच्यात फेरफार करून आपण त्याला लसीचं काम नेमून देतो, मग तो या पेशींत लस तयार करतो. केवढी हसलीस तू! "म्हंजे त्या खादाड अळीला बी कामाला लावलं तुमी!"

ऑगस्टमध्ये सगळ्या बाटल्यांतल्या पेशी मेल्या. कोंबड्यांच्या लसीची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. तू नुकतीच नागलीची लावणी करून सुरगाण्याहून आली होतीस. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "डोंगरातून काय घाण घेऊन आलीस?" आणि तुला काढलं. मी खाली मान घालून उभी राहिले.

आता तपासणीचा अहवाल आलाय. पेशी मेल्या त्या शेतातल्या, फेरफार न केलेल्या मूळ विषाणूने. मक्यावर मरून पडलेल्या अळीत असतो तो. तुमच्याकडे भात नि नागली. मका कुणाच्या घरी आहे, हे मला कुणी सांगायला नको.

पेशी मरायच्या काही दिवस आधी, सकाळी मी आण्णांबरोबर शेतात होते. रोगाने मेलेल्या, पानावर उलट्या लोंबणाऱ्या अळ्या वेचायच्या, ठेचून पाण्यात कालवायच्या आणि तेच पाणी मक्यावर फवारायचं. उरलेल्या अळ्या त्याने मरतात. मीच शिकवलं त्यांना, मोठी शहाणी ना मी! तसल्याच हातांनी फोन धरून फोटो काढले. मग अंघोळ केली, कपडे बदलले, फोन मात्र तसाच. तो लॅबमध्ये न्यायचा नसतो, तरी नेला. पंप बिघडला तर आण्णा फोन करणार होते.

नळापाशी तू म्हणालीस, "ताई, मोबाईलला अळीचा चिकटा हाय. पुसून देऊ का?"

"राहू दे गं, उशीर झालाय."

साहेब बोलत होते तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं. का बोलली नाहीस गं? मला वाटलं, वाचले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मंगळूदादा सांगत होता, तू द्राक्षाच्या छाटणीला जातेस, काड्यांना औषध लावून लावून हातांची सालं निघालीत. ऐकलं आणि रडू आलं. काल साहेबांना सगळं लिहून दिलं, सहीनिशी. संध्याला परत बोलवा, असंही लिहिलंय. माझं काय करायचं ते करोत. नक्कल सोबत आहे, ती तुझ्या आईला वाचून दाखव.

माफ कर म्हणायचं धाडस होत नाही. ज्या घाणीपायी तुला काढलं, ती माझ्या हातची होती. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

जिला तू ताई म्हणायचीस ती,
भाग्यश्री