सात वर्षांच्या सुनेस मुलगी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. पुरवठा निरीक्षण अधिकारी,
तहसील कार्यालय (पुरवठा शाखा), सागरवाडी,
जिल्हा रायगड

अर्जदार: हिरामण धर्मा म्हात्रे, धंदा मासळीची टेम्पोवाहतूक, रा. मौजे कोलखार

विषय: शिधापत्रिकेवर कु. प्रणाली हिच्या नावापुढे पडलेली 'सून' ही नोंद काढून 'मुलगी' अशी नोंद करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) याच विषयावरील अर्जदाराचे आधीचे अर्ज, ज्यांवर आपल्या कार्यालयाचे शिक्के आहेत, उत्तरे नाहीत.
२) बाल कल्याण समितीची नोटीस, सुनावणी दि. २५ जुलै २०२५.

महोदय,

१. अर्जदार व त्यांच्या पत्नी सौ. सुचिता यांस मूलबाळ नव्हते. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी एक मुलगा व एक मुलगी अशी दोन मुले रीतसर दत्तक घेतली. चि. निकेत हा अर्जदाराबरोबर टेम्पोवर असलेल्या कै. प्रीतम यांचा मुलगा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिने आपखुशीने दिला. कु. प्रणाली ही मिठागरावरच्या एका मजुराची मुलगी. तिची आई वारली. दोन्ही घरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. विचारणा मात्र दोन्हींकडून एकाच महिन्यात आली. अर्जदाराचे मत पडले की आधी एक आणू, पुढचे पुढे बघू. त्यावर पत्नी म्हणाल्या, "मग नाय कोनाला म्हनायचं, ते तुम्हीच जाऊन सांगून या." अर्जदार गेले नाहीत. दोन्ही दत्तकपत्रे एकाच दिवशी नोंदवली गेली.

२. निकेत मार्चचा आणि प्रणाली त्याच वर्षीच्या जुलैची. शिधापत्रिकेवर नावे चढवताना संगणकाने निकेतला विनातक्रार घेतले. प्रणालीचे नाव घालताच, एका आईला चार महिन्यांत दुसरे मूल होत नाही, असे कळवून तो अडून बसला. संगणकाचे ज्ञान बरोबर आहे. अर्जदारास नम्रपणे एवढेच निदर्शनास आणायचे आहे की, या आईला दोन्ही मुले एकाच सकाळी झाली, आणि तीही चालती-बोलती.

३. आपल्या केंद्रावर यंत्र चालवणारे श्री. सुजित हे मनाने चांगले व हाताने जलद आहेत. त्यांनी प्रथम सुचवले की दोघांना जुळे लिहू, एकाची जन्मतारीख थोडी सरकवू. पत्नीने नकार दिला. प्रणालीच्या आईने तिला दिलेले असे या जगात आता एक नाव आणि एक वाढदिवस एवढेच उरले आहे, आणि त्यांतले काहीही सरकारला देण्यास त्या तयार नाहीत. मग श्री. सुजित यांनी यादीतली नाती एकेक करून लावून पाहिली. 'सून' हे नाते संगणकाने तात्काळ स्वीकारले, कारण त्यासाठी घरात मुलगा असला की पुरते. अर्जदाराच्या टेम्पोत त्या वेळी बर्फातली सुरमई होती व बर्फ कोणासाठी थांबत नाही. "काका, नाव तर लागलं ना? तांदूळ चालू होऊ दे, नातं नंतर बदलू," असे सांगून श्री. सुजित यांनी पुढच्या माणसास बोलावले.

तो 'नंतर' अद्याप उजाडलेला नाही.

४. आपल्या खिडकीवर कळले की सुनेची मुलगी करता येत नाही. आधी सून कमी करावी लागेल. सून कमी करण्यास संगणकात तीनच कारणे आहेत: मृत्यू, स्थलांतर व घटस्फोट. अर्जदाराने पहिल्या दोहोंस नकार दिला तेव्हा, तिसऱ्यासाठी फारकतीचा कागद आणा, असे सांगण्यात आले. नवरा दुसरीत शिकतो, हे अर्जदाराने नजरेस आणले. त्यावर, कागदावर दोघांच्या सह्या असल्या म्हणजे झाले, असे उत्तर मिळाले. सह्या दोघांनाही येतात. निकेत आपल्या नावातली पहिली वेलांटी अजून उलटी काढतो, पण येतात.

५. दरम्यान शिधापत्रिकांच्या पडताळणीची यादी ग्रामपंचायतीत गेली. तेथील अधिकाऱ्यांना त्यात सात वर्षांची सून आढळली व त्यांनी बालविवाहाची चौकशी लावली. अर्जदाराने मोठ्या विश्वासाने दोन्ही दत्तकपत्रे आणि दत्तकविधीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. येथे अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती कृष्णाबाई यांचा भाग येतो. मुले घरी आणायच्या दिवशी त्यांनी बजावले होते, "पोरां काय चोरून आनतो का आपुन? वाजतगाजत घरान येवाला पायजेत." त्याप्रमाणे बँडबाजा सांगितला, आदल्या दिवशी हळद लावली, आणि दोघांना शेजारी पाटावर बसवून, हार घालून, मातोश्रींनी स्वहस्ते मुंडावळ्याही बांधल्या. कपाळाला बांधण्याजोग्या घरात तेवढ्याच होत्या. अर्जदार व पत्नी फोटोत मागे उभे आहेत आणि आनंदाने रडत आहेत, जे वधूवरांच्या आईबापांसही शोभून दिसते.

हा फोटो आता विवाहाचा पुरावा म्हणून समितीपुढे गेला आहे. दत्तकपत्रांबद्दल ग्रामपंचायतीचे म्हणणे असे की, ती खरी आहेत, म्हणजे अर्जदाराने आपल्याच मुलीचे आपल्याच मुलाशी लग्न लावले, जे अधिक गंभीर आहे. तेथून सांगतात, शिधापत्रिका दुरुस्त करून आणा, चौकशी बंद करतो. आपल्याकडून सांगतात, चौकशी बंद झाल्याचा दाखला आणा, शिधापत्रिका दुरुस्त करतो. अर्जदाराचा टेम्पो रेवदंडा ते अलिबाग मासळी नेण्यासाठी घेतला होता. हल्ली तो या दोन दाखल्यांमध्ये फिरतो.

६. येथवर हसण्यावारी नेता आले असते. परंतु सुनावणीपर्यंत शिधापत्रिका दुरुस्त न झाल्यास मुलीस बालगृहात ठेवण्याचा विचार करावा लागेल, असे नोटिशीत आहे. पत्नीने तेव्हापासून प्रणालीचे कपडे धुवून कपाटात ठेवलेले नाहीत. कपाटात नीट घडी घातलेले कपडे भरून न्यायला सोपे जातात, असे त्यांचे म्हणणे. शाळेत मुले प्रणालीला "निकेतची बायको" म्हणतात. दोघे एका बाकावर बसत होते, ते आता बसत नाहीत. मागच्या नारळी पौर्णिमेला तिने त्याला राखी बांधली होती व त्याने ती शाळेत सर्वांना दाखवली होती. परवा बाजारात राख्या दिसल्यावर तिने अर्जदारास विचारले, "पप्पा, या वर्षी बांधायची का नाय, ते साहेबांना विचारून या ना."

सबब अर्जदार विचारण्यास आला आहे.

७. तरी विनंती की, सुनावणीपूर्वी सदर नोंद आपल्या सहीने हाताने दुरुस्त करून मिळावी. शंका असल्यास आपण स्वतः एका संध्याकाळी घरी यावे. दोघे मासळीच्या डोक्यावरून कसे भांडतात ते पाहावे. भांडण नवराबायकोही करतात, असे आपल्या खिडकीवरून ऐकवले गेले. पण हरल्यावर दोघेही रडत एकाच आईकडे जातात, हे ध्यानात घ्यावे. आणि संगणक मुलीला मुलगी म्हणून घेतच नसेल, तर निकेतचे नावही कमी करावे. एकाचा तांदूळ आणि दुसरीला नोटीस, असे या घरात वाटप होत नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
दोन मुलांचा बाप,
हिरामण धर्मा म्हात्रे
कोलखार, दि. १४ जुलै २०२५

सोबत:
१) दोन दत्तकपत्रांच्या व दोन जन्मदाखल्यांच्या प्रती
२) सुनावणीच्या नोटिशीची प्रत
३) दत्तकविधीचा फोटो (मुंडावळ्यांकडे दुर्लक्ष करावे)
४) कु. प्रणाली हिने काढलेले घराचे चित्र. त्यात पाच माणसे व एक टेम्पो आहे. पाचांत सून एकच आहे. ती कृष्णाबाईंची आहे व तिने दोन्ही मुलांचे हात धरले आहेत.