बांबू उरलेलं गाव

जेजू बेट, मंगळवार

आईस,

सुखरूप पोचले. खोली उबदार आहे आणि घरमालकीण दोन्ही वेळा बार्लीचा भात आग्रहाने वाढते. ओसाकात तू गुडघा शेकतेस ना रोज?

"तिथे वाऱ्याशिवाय आहे काय? कसल्या कविता करणार?" असं तू निघताना म्हणालीस. तुझं गाव खरंच उरलेलं नाही. तुझ्या लहानपणी सैनिकांनी जाळल्यावर ते परत वसलंच नाही. पण प्रत्येक स्वयंपाकघरामागचा बांबू पुन्हा उगवलाय. त्यावरून घर कुठे होतं ते कळतं.

काल तिथे संत्री तोडणारी एक आजी भेटली. "कुणाची गं तू? नाक तर बू घराण्याचं दिसतंय," म्हणाली. मी ऐटीत तुझं नाव सांगितलं, बू इन-सुक. तिने टोपली खाली ठेवली आणि मला स्मारकाच्या दगडापाशी नेलं. मारल्या गेलेल्यांत तुझं नाव कोरलंय. वय वर्षं बारा.

"इन-सुक माझ्या डोळ्यांदेखत गेली," ती म्हणाली. "धाकटी वाचली. बहिणीचे कागद घेऊन होडीने जपानला गेली. तिचं नाव मात्र आठवत नाही बघ आता."

मी कवितांची वही मिटली. दगडापुढे एक संत्रं ठेवलं, मावशीसाठी.

पाकिटावर इन-सुकच लिहिलंय, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेईल. पण आई, तुला घरचे काय नावाने हाक मारायचे गं? तुझं उत्तर येईपर्यंत मी इथेच आहे. त्या बांबूपुढे उभं राहून एकदा मोठ्याने हाक मारीन.

तुझीच,
ह्ये-जा